टाकी, हौद आणि मोटर: पंप-नियंत्रकाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

जागेची मापं घेतली. तळाला १०,००० लिटरचा हौद, गच्चीवर २,००० लिटरची काळी गोल प्लास्टिक टाकी, मधे १ अश्वशक्तीची सिंगल-फेज मोनोब्लॉक मोटर (पंप आणि मोटर एकाच अंगात). चढती लाइन १ इंची, लांबी २५ मीटर. महापालिकेचं पाणी सकाळी दीड-दोन तास हौदात पडतं. वर चढवायचं काम मोटरचं, आणि मोटर चालते हाताने. त्यामुळे एक तर टाकी वाहते, नाही तर हौद आटलेला असताना मोटर कोरडी फिरते. मोनोब्लॉकच्या मेकॅनिकल सीलमध्ये दोन चकत्या एकमेकींवर घासत असतात आणि त्यांच्यामधलं वंगण म्हणजे पाणीच. पाणी नसलं की त्या काही मिनिटांत तापतात, सील जातं आणि पाणी शाफ्टवरून गळायला लागतं.

टाकीचा आतला व्यास १३५ सेंमी. म्हणजे १ सेंमी पातळी = १४.३ लिटर. हा आकडा पॅनेलच्या दारावर लिहून ठेवावा, पुढे तो सतत लागणार आहे.

मोटर आपोआप सुरू-बंद करण्याचं काम एकाच सेन्सरवर उरकता येतं आणि बरेच जण तसंच करतात. पण फ्लोट (पाण्यावर तरंगणारा स्विच) अडकतो, अल्ट्रासॉनिकला (प्रतिध्वनीवरून पाण्याचं अंतर मोजणारा सेन्सर) दवाच्या थेंबातही 'पाणी' दिसतं, प्रवाहमापकात गाळ बसतो, आणि वीज कमी-जास्त झाली की मोटरचा करंट बदलतो. चांगली गोष्ट एवढीच की या चौघांच्या चुकांची कारणं वेगवेगळी आहेत. थेंबामुळे फ्लोट अडकत नाही, गाळामुळे वॉटचा आकडा बिघडत नाही. सगळी रचना या एका गोष्टीवर उभी करायची.

९ जानेवारी

सामान ठरलं.

गच्चीवर: अर्दुइनो नॅनो (सेन्सर वाचणारा छोटा संगणक-बोर्ड), पाण्यापासून सुरक्षित अल्ट्रासॉनिक सेन्सर जेएसएन-एसआर०४टी, स्टीलच्या नळीतले दोन डीएस१८बी२० तापमान सेन्सर, एक रीड फ्लोट (आत चुंबकाने जुळणारा-सुटणारा संपर्क असलेला), मॅक्स४८५ मॉड्यूल (लांब तारेवरून डेटा पाठवणारं), १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर.

मोटरघरात: ईएसपी३२ (सगळे निर्णय घेणारा बोर्ड), ३.३ व्होल्टवर चालणारं मॅक्स३४८५, पीझेडईएम-००४टी वीजमापक, १ इंची हॉल प्रवाहमापक (आतली पाती पाण्याने फिरते, हॉल सेन्सर तिचे पल्स देतो), हौदातला फ्लोट, छोटा रिले (सिग्नलवर चालणारा स्विच), २३० व्होल्ट कॉइलचा २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर (मोटरचा करंट चालू-बंद करणारा मोठा रिले). मोटरचा जुना ओव्हरलोड (जास्त भार आला की मोटर तोडणारा) आणि एमसीबी (वीज तोडणारा स्विच) जागेवरच ठेवायचे. ते आपल्या कार्यक्रमावर (बोर्डातल्या कोडवर) अवलंबून नाहीत आणि राहूही नयेत.

निळ्या १० अँपिअरच्या रिले मॉड्यूलवर मोटर थेट जोडायची नाही. चालू मोटर ५ अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट ओढते. ३० अँपिअरच्या त्या झटक्याने रिलेचे संपर्क चिकटतात आणि मग मोटर बंद होत नाही. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल ओढायची. कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ कपॅसिटर असा स्नबर (झटका शोषणारी जोडणी) लावला. तो नसला तर कॉन्टॅक्टर सुटताना ईएसपी३२ रीसेट होऊ शकतो.

रिलेसाठी पिन २६ घेतली. १४, १५ आणि ५ या पिनांवर चिप सुरू होताना क्षणभर सिग्नल येतो. तिथे रिले असेल तर वीज आल्या आल्या मोटरला एक धक्का बसतो. फ्लोटसाठी ३४ ते ३९ वापरायच्या असतील तर बाहेरून १० किलोओहमचा पुल-अप (संपर्क उघडा असताना पिनेला व्होल्टेजला धरून ठेवणारा रोधक) हवा, कारण त्या पिनांना आतला पुल-अप नाही.

१४ जानेवारी

अल्ट्रासॉनिक टेबलावर तपासला. २५ सेंमीच्या आतलं खरं अंतर त्याला कळत नाही. आवाज पाठवणारी आणि ऐकणारी चकती एकच असल्यामुळे पाठवल्यानंतर ती थोडा वेळ थरथरत राहते, आणि तेवढ्या वेळात आलेला प्रतिध्वनी त्या थरथरीत बुडतो. टाकीच्या झाकणावर बसवल्यावर तळ १६० सेंमीवर, ओव्हरफ्लोचं तोंड २४ सेंमीवर. म्हणजे अगदी महत्त्वाच्या जागी तो आंधळा.

सेन्सर उंच करण्यासाठी ११० मिमी पीव्हीसीचा १५ सेंमी तुकडा झाकणावर लावून पाहिला. किरण रुंद असल्याने तुकड्याच्या खालच्या काठावरून परतणारा प्रतिध्वनी सतत येऊ लागला. तुकडा काढून टाकला. ३५ सेंमीपर्यंत अल्ट्रासॉनिकने बोलायचं आणि त्याच्या वरची जबाबदारी फ्लोटची, अशी वाटणी केली. फ्लोट ३० सेंमीच्या खुणेवर.

मोटर सुरू: सेन्सरपासून पाण्याचं अंतर ११५ सेंमी झाल्यावर. बंद: ३५ सेंमीला. मधले ८० सेंमी म्हणजे ११४४ लिटर.

दर वेळी ७ मोजण्या, प्रत्येकीत ७० मिलिसेकंदांचं अंतर, आणि क्रमाने लावून मधली घ्यायची. सरासरी घेऊ नये. एक खोटा प्रतिध्वनी सरासरीला ओढतो, मधल्या आकड्याला ओढू शकत नाही.

२० जानेवारी

गच्ची ते मोटरघर जोडणी. वाय-फायला मधले स्लॅब पार करता आले नाहीत. लागलं तरी तासाला दोन-तीनदा तुटत होतं. आरएस-४८५ (तारेच्या एका जोडीवरून लांबवर डेटा नेण्याची पद्धत) घेतलं. एकाच कॅट-५ केबलच्या चारही जोड्या वापरात आल्या: केशरी जोडी डेटाला, निळी आणि तपकिरी मिळून १२ व्होल्टला, हिरवी फ्लोटच्या सुरक्षा-वळशाला.

खालूनच ५ व्होल्ट पाठवायचा मोह टाळावा. तांब्याच्या बारीक तारेचा रोध मीटरला साधारण ०.०९ ओहम, २५ मीटर जाऊन-येऊन एका जोडीत साडेचार ओहम होतो. ३०० मिलिअँपिअरचा झटका आला की १.३ व्होल्ट वाटेतच जातात आणि नॅनो अडखळतो. १२ व्होल्ट पाठवून वर ५ केले की हा प्रश्नच उरत नाही. केबल घेताना अस्सल तांब्याची मागावी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनिअमची केबल स्वस्त मिळते, पण तिचा रोध जास्त असतो आणि स्क्रूखाली ती तुटते.

नॅनो फक्त बोलतो, ऐकत नाही. त्यामुळे वरच्या मॅक्स४८५ची पाठवण्याची पिन कायम ५ व्होल्टला बांधली. दर २ सेकंदांनी एक संदेश: अंतर, दोन तापमानं, एक वाढता क्रमांक आणि शेवटी सीआरसी (संदेश वाटेत बिघडला का हे तपासणारा आकडा). क्रमांक मुद्दाम ठेवला आहे. बफरमध्ये अडकलेला जुना संदेश पुन्हा पुन्हा वाचला जात असेल तर सीआरसी दर वेळी बरोबरच येतो. क्रमांक पुढे सरकत नाही, त्यावरून चोरी पकडता येते. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक, आणि विजेच्या कडकडाटासाठी दोन्ही टोकांना एसएम७१२ (झटका शोषणारा डायोड).

सुरक्षा-वळसा असा: खालून १२ व्होल्ट हिरव्या जोडीतून वर, रीड फ्लोटमधून परत खाली एका रिलेच्या कॉइलला. त्या रिलेचा एक संपर्क कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत, दुसरा ईएसपी३२ वाचतो. टाकी भरली की फ्लोट उघडतो आणि कार्यक्रम काहीही म्हणत असला तरी कॉन्टॅक्टर सुटतो. तार तुटली तरी हाच परिणाम. २३० व्होल्ट टाकीपर्यंत न्यायचेच नाहीत.

हौदाचा फ्लोटही याच विचाराने: पाणी असताना संपर्क जुळलेला, तार तुटली की 'हौद रिकामा'.

२८ जानेवारी

नॅनोवर ८ सेकंदांचा वॉचडॉग (कार्यक्रम अडकला की बोर्ड रीसेट करणारा पहारेकरी) लावला आणि पहिल्याच रीसेटनंतर बोर्ड लुकलुकत अडकला. जुन्या बूटलोडरची (बोर्ड सुरू होताना आधी चालणारा छोटा कार्यक्रम) ही ओळखीची खोड आहे: रीसेटनंतर तो वॉचडॉग बंद करत नाही आणि त्यामुळे स्वतःच पुन्हा पुन्हा रीसेट होत राहतो. दुसरा अर्दुइनो प्रोग्रॅमर म्हणून लावून ऑप्टिबूट हा दुसरा बूटलोडर चढवला. आता ठीक.

३ फेब्रुवारी

प्रवाहमापक पंपाच्या पुढे बसवला. हर्ट्झ (सेकंदाला पल्स) = ४.८ × लिटर प्रति मिनिट. मोटर चालू असताना २३० हर्ट्झ, म्हणजे ४८ लिटर प्रति मिनिट. बादली आणि घड्याळ घेऊन पडताळलं, जुळलं.

पुढे गंमत वाटावी अशी अडचण आली. पुढचा व्हॉल्व्ह बंद, पाणी जागचं हलत नाही, तरी मोटर सुरू केल्यावर १०.४ लिटर प्रति मिनिट दिसतं. १०.४ × ४.८ = ५०. बरोबर ५० हर्ट्झ! हे पाणी नव्हे, मेन्सची वीज. सेन्सरची तार मोटरच्या केबलसोबत एकाच नळीतून ओढली होती. तार वेगळी केली, जाळीची घेतली आणि जाळी एकाच टोकाला अर्थ केली. पुल-अप १० किलोओहमवरून १ किलोओहमवर आणला, पिनजवळ १० नॅनोफॅरड. शून्य झालं. कोणत्याही पल्स मोजणाऱ्या सेन्सरवर ५० किंवा १०० हर्ट्झ अगदी स्थिर दिसले तर आधी तारेचा मार्ग पाहावा, मगच सेन्सरवर शंका घ्यावी.

या मापकाच्या आणखी दोन मर्यादा. मोटर थांबल्यावर लाइनीतलं पाणी मागे आलं की पाती उलटी फिरते, पण हॉल सेन्सरला दिशा कळत नाही. ते पाणी 'वर गेलं' म्हणून मोजलं जातं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह मापकाच्या पुढे लावला आणि मोटर बंद झाल्यानंतरच्या ५ सेकंदांचे पल्स टाकून दिले. दुसरं, फुटव्हॉल्व्ह (सक्शनच्या, म्हणजे हौदातून पंपात येणाऱ्या नळीच्या तळाचा व्हॉल्व्ह) गळून सक्शनमध्ये हवा भरली असेल तर सुरुवातीला हवेनेही पाती फिरते, आणि जोरात फिरते. म्हणून सुरू झाल्यापासून २५ सेकंद प्रवाहाच्या आकड्यावर काहीही ठरवायचं नाही.

१० फेब्रुवारी

वीजमापक. करंटचा कॉइल फक्त फेजच्या तारेभोवती हवा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही आतून गेले तर एकमेकांना मारतात आणि आकडा शून्याजवळ येतो.

मोटर कोरडी आहे की नाही हे करंटवरून ओळखायचं असं मूळ ठरलं होतं. दोन तासांच्या वाचनांनंतर ते सोडून दिलं. पाणी असताना ५.१ अँपिअर, सक्शनचा व्हॉल्व्ह बंद करून काही सेकंद चालवल्यावर ३.९. फरक आहे, पण संध्याकाळी व्होल्टेज २४० वरून २०० वर आलं की पाणी असतानाचा आकडाही सरकतो, आणि मधे रेघ ओढायला सुरक्षित जागा उरत नाही. वॉट पाहिले तर चित्र स्वच्छ होतं: पाणी असताना ९६० ते १०००, कोरडी असताना ६१० च्या आसपास. कारण इंडक्शन मोटर रिकामी फिरतानाही चुंबकीय क्षेत्र टिकवण्यासाठी करंट घेतेच. भार गेला की मुख्यतः पॉवर फॅक्टर (करंटचा किती भाग खऱ्या कामाला लागतो ते प्रमाण) पडतो. करंटमध्ये तो दिसत नाही, वॉटमध्ये दिसतो. मर्यादा ७८० वॉट ठेवली.

ही मर्यादा दुसऱ्या मोटरला उचलून लावू नये. सेंट्रिफ्यूगल पंपाचा पुढचा व्हॉल्व्ह बंद केला की वॉट कमी होतात. घरोघरी असलेल्या छोट्या अर्ध्या अश्वशक्तीच्या पेरिफेरल पंपात ते वाढतात. ज्या मोटरला नियंत्रक लावायचा, तिचीच तिन्ही वाचनं घ्यायची: पाणी चालू, सक्शन बंद, डिलिव्हरी बंद. प्रत्येकी ८-१० सेकंदांच्या वर नाही.

१७ फेब्रुवारी

निर्णयाचे नियम. पहिला मसुदा सोपा होता: सुरू करायला सगळ्यांची संमती, बंद करायला कोणा एकाची हरकत पुरे. सुरक्षेसाठी उत्तम. पण पाच सेन्सरांपैकी एक बिघडला की इमारत पाण्याविना. असा नियंत्रक आठ दिवसांत कोणीतरी बायपास करतं, आणि मग उरलेली सुरक्षाही जाते. म्हणून हरकती दोन प्रकारच्या केल्या.

ज्यात चूक परवडत नाही, तिथे एकाचा शब्द पुरे: वरचा फ्लोट उघडला, हौदाचा फ्लोट १० सेकंद 'रिकामा' म्हणाला, गच्चीवरून १५ सेकंद नवा संदेश नाही, व्होल्टेज १९० ते २५५ च्या बाहेर ५ सेकंद. हौदाला १० सेकंद दिले, कारण नळाचं पाणी पडत असताना लाटांवर फ्लोट हलतो.

बाकी सगळ्यात दोघांचं एकमत लागतं:

वॉट ६१०, प्रवाह शून्य: मोटर कोरडी. ५ सेकंदांत बंद, अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न, तीनदा तेच झालं तर कुलूप (पुढचे प्रयत्न बंद).

वॉट ९६०, प्रवाह शून्य: पाणी उचलल्याशिवाय मोटर इतके वॉट घेत नाही. पाती अडकली असावी. तिसरा साक्षीदार बघायचा: दोन मिनिटांत पातळी २ सेंमी चढली का? चढली तर मोटर चालू ठेवायची आणि प्रवाहमापकावर 'साफ करा' अशी खूण करायची.

वॉट ९६०, प्रवाह ४८, पण पातळी हलत नाही: एक तर सगळे नळ उघडे आहेत, किंवा मापकाच्या पुढे लाइन फुटली आहे, किंवा अल्ट्रासॉनिक गोठला आहे. सकाळी ६ ते १० मध्ये ३० मिनिटं वाट पाहायची, इतर वेळी १०. मग बंद आणि सूचना.

सुरू असा हुकूम, पण वॉट शून्य: एमसीबी किंवा ओव्हरलोड पडला. बंद असा हुकूम देऊन २ सेकंद झाले तरी ५० वॉटच्या वर: कॉन्टॅक्टरचे संपर्क चिकटले. यात कार्यक्रम काहीच करू शकत नाही, भोंगा वाजवून माणसाला एमसीबीपाशी बोलवायचं.

वीज परत आल्यावर १२० सेकंद थांबायचं. लाइट येते-जाते असा खेळ पहिल्या मिनिटभरात होतो आणि मोटर दर वेळी तो सुरुवातीचा झटका खाते.

१९ फेब्रुवारी

पहाटे ५:४० ला अंतर ७१ सेंमीवरून एकदम २४. टाकी 'भरली'. प्रत्यक्षात वर गेल्यावर सेन्सरच्या चकतीवर दवाचा मोठा थेंब लोंबत होता. थंडीच्या पहाटे झाकण गार पडतं, पाणी त्यामानाने कोमट असतं, वाफ झाकणाला धरते.

या चुकीसाठी वेगाचा नियम आधीच होता: मोटरने पातळी मिनिटाला ३.४ सेंमी चढते, सगळे नळ उघडले तरी ४ सेंमीपेक्षा वेगाने उतरत नाही, त्यामुळे त्याहून मोठी उडी म्हणजे पाणी नव्हे. त्याने २४ चा आकडा बरोबर नाकारला. पण चूक पुढे झाली. थेंब सव्वासातला पडला. तोवर खरी पातळी उतरून अंतर १०८ झालं होतं आणि फिल्टर अजून ७१ ला चिकटून बसलेला. आता खरा आकडाही 'मोठी उडी' ठरला. फिल्टर कायमचा अडकला.

दुरुस्ती: शेवटच्या विश्वासू आकड्याभोवती एक खिडकी, रुंदी ±३ सेंमी, आणि आकडा नाकारला जाईल त्या प्रत्येक मिनिटाला ती ४ सेंमीने रुंद. जितका वेळ खबर नाही, तितकी शंका मोठी. मात्र एवढ्याने भागत नाही: ४७ सेंमीची उडी ११ मिनिटांत खिडकीत बसली असती आणि थेंबाचं २४ खरं ठरलं असतं. म्हणून जोडनियम: २८ सेंमीच्या आतला आकडा 'टाकी भरली' म्हणून तेव्हाच धरायचा, जेव्हा फ्लोटही वर असेल. मोटर चालू असताना मात्र २८ च्या आतला आकडा आला तर फ्लोट काही म्हणो, मोटर थांबवायची. थांबून पुन्हा बघण्यात नुकसान नाही.

अल्ट्रासॉनिक ३० मिनिटं सलग नाकारला गेला तर नियंत्रक साध्या पद्धतीवर उतरतो: सकाळी ५:३० आणि संध्याकाळी ६ ला मोटर सुरू, फ्लोटपर्यंत. पाणी मिळत राहतं.

झाकणाला वाफ जाण्यासाठी दोन भोकं पाडून वर बारीक जाळी चिकटवली. जाळी डास आत जाणार नाही इतकी बारीक हवी. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

२४ फेब्रुवारी

एका फेरीची वेळमर्यादा ४० मिनिटं होती. हिशोबाने ११४४ ÷ ४८ = २४ मिनिटं लागायला हवीत. सकाळी मिनिटाला २० लिटर वापर चालू असला की वर फक्त २८ लिटर साठतात आणि ४१ मिनिटं लागतात. दोन सकाळी मोटर अर्ध्यात थांबली. मर्यादा ६० केली.

२२ एप्रिल

ऊन वाढल्यापासून मोटर दुपारी उशिरा सुरू होते असं नोंदीत दिसलं. आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर असतो: ३३१.३ + ०.६०६ × तापमान, मीटर प्रति सेकंद. कार्यक्रमात तात्पुरता ३४३ हा स्थिर आकडा ठेवला होता, तो तसाच राहून गेला. दुपारी २ ला झाकणाखालचा सेन्सर ५४ अंश, ६० सेंमी खाली लोंबणारा ३८. सरासरी ४६, म्हणजे खरा वेग ३५९.२. खरं अंतर ११५ असताना जुन्या आकड्याने १०९.८ येतं. ५.२ सेंमी, म्हणजे ७४ लिटर.

फक्त झाकणाजवळचं तापमान घेतलं तर चूक उलट बाजूला जाते: ५४ अंश धरून ११६.५ सेंमी येतात. काळ्या टाकीत हवा वर तापलेली आणि पाण्यालगत गार असते, म्हणून दोन सेन्सरांची सरासरी. दोन्ही एकाच तारेवर, एकाच ४.७ किलोओहमच्या पुल-अपवर चालतात. प्रत्येकाचा ६४ बिटांचा पत्ता वेगळा असतो. पाणी चढून खालचा बुडाला तरी बिघडत नाही, कारण पाण्यालगतची हवा जवळपास त्याच तापमानाची असते.

९ मे

तापमान ८५.० आलं आणि अंतर सात-आठ सेंमीने फुगलं. डीएस१८बी२० ला वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप पूर्ण होईपर्यंत तो ८५ सांगतो. १२ बिटांच्या मोजमापाला ७५० मिलिसेकंद लागतात. बक कन्व्हर्टरकडचा स्क्रू ढिला होता, सेन्सर मधेच रीसेट होत होता. स्क्रू आवळला. कार्यक्रमात नेमके ८५.० आणि −१२७ (तार तुटल्यावर लायब्ररी हा आकडा देते) नाकारले. अशा वेळी शेवटचं चांगलं तापमान तासभर चालवायचं.

२२ जून

रोजच्या कामात वरचा फ्लोट कधीच उचलला जात नाही, कारण अल्ट्रासॉनिक ३५ लाच मोटर थांबवतो. जो राखीव सेन्सर कधी हलत नाही, तो बिघडला तरी कळत नाही. त्यामुळे मेपासून आठवड्यातून एकदा मोटर ३५ ला न थांबवता मुद्दाम फ्लोटपर्यंत नेतो. आज फ्लोट ३० ला उघडला नाही. २८ ला अल्ट्रासॉनिकने थांबवलं.

फ्लोट काढून पाहिला. गोळा मोकळा, आतला रीड संपर्क चिकटलेला. खाली सुरक्षा रिलेच्या कॉइलवर डायोड लावायचा राहिला होता. फ्लोट उघडताना कॉइलमधून उठणारा उलटा झटका थेट त्या नाजूक रीडवर पडत होता. नवा फ्लोट आणि कॉइलवर उलट दिशेने १एन४००७ डायोड.

गच्चीवरचा डबाही उघडला. केबल वरून आत घेतलेली होती. पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळत ग्लँडपर्यंत (केबल आत घेण्याचं घट्ट तोंड) आलं होतं, आणि रिकाम्या ग्लँडमधून मुंग्या. सगळे ग्लँड खालच्या बाजूला घेतले, केबलला डब्याच्या खाली एक झोळ दिला म्हणजे पाणी तिथून टपकेल, रिकामं भोक बंद केलं, बोर्डावर लॅकर मारलं. जोडणीच्या स्क्रूंवर लॅकर लागू द्यायचं नाही.

५ जुलै

मुद्दाम बिघाड करून चाचणी. मोटर चालू, एक माणूस एमसीबीपाशी, एक गच्चीवर.

डेटाची एक तार काढली: १५ सेकंदांत बंद. हिरव्या जोडीची तार काढली: कॉन्टॅक्टर तत्क्षणी सुटला. ईएसपी३२ ची वीज काढली: तत्क्षणी बंद. प्रवाहमापकाची तार काढली: मोटर चालू राहिली, दोन मिनिटांनी पातळी ७ सेंमी चढलेली पाहून 'साफ करा'. सक्शन व्हॉल्व्ह बंद केला: ११ सेकंद लागले, ५ ऐवजी. पाती लगेच थांबते, पण पंपात उरलेल्या पाण्यामुळे वॉट ७८० च्या खाली यायला ६ सेकंद जातात. सीलला एवढं चालतं, बदल नाही.

एक चाचणी फसली. वीजमापकाची डेटा-तार काढल्यावर कार्यक्रम शेवटचेच ९८० वॉट धरून चालत राहिला. गच्चीच्या संदेशाला वय होतं, वीजमापकाच्या आकड्याला नव्हतं. आता प्रत्येक आकड्यासोबत तो केव्हा आला ती वेळ साठवली जाते. ५ सेकंदांहून जुना आकडा 'माहीत नाही' धरायचा, शून्य नाही. शून्य धरलं असतं तर त्याला 'एमसीबी पडला' असा अर्थ लागला असता.

१९ ऑगस्ट

महिन्याच्या नोंदीतून पहाटे ३ च्या सुमाराच्या फेऱ्या वेगळ्या काढल्या, कारण तेव्हा नळ बंद असतात आणि वर गेलेलं सगळं पाणी टाकीतच दिसलं पाहिजे. फेब्रुवारीत प्रवाहमापकाने मोजलेले लिटर आणि पातळीवरून निघालेले लिटर जुळत होते. आता मापक मिनिटाला ४१ सांगतो, पातळी ३.३ सेंमीने चढते, म्हणजे ४७ लिटर. वॉट ९७० वर स्थिर. तिघांपैकी दोघांचं जुळतं, मापक मागे पडला आहे. पावसाळ्यात नळाच्या पाण्यातून येणारी बारीक माती पातीच्या आसावर बसली होती. मऊ ब्रश आणि साधं पाणी. तारेने खरवडलं तर पाती जखमी होते आणि गुणकच बदलतो. बसवल्यावर ४७.

या तुलनेसाठी वेगळा नियम केला: पहाटेच्या फेरीत दोन्ही हिशोबांत ८ टक्क्यांहून जास्त फरक सलग तीनदा आला तर सूचना. मापकाच्या आधी १ इंची वाय-स्ट्रेनर (गाळ अडवणारी गाळणी) बसवायचा आहे. त्याची जाळी तुंबली की प्रवाहासोबत वॉटही उतरतील, तेव्हा ७८० ची मर्यादा स्ट्रेनर बसल्यावर पुन्हा तपासणे.